खाऱ्या पाण्यातली फिटनेस घड्याळे: समुद्रात पोहणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी एक परीक्षण

फिटनेस घड्याळांच्या जाहिरातींत पोहणारा माणूस हमखास असतो. मात्र तो कोणत्या पाण्यात पोहतो आहे आणि पोहून झाल्यावर त्या घड्याळाचे काय करतो, हे जाहिरात कधीच सांगत नाही. कोल्हापूरच्या ग्राहकासाठी नेमके हेच दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. आपल्याकडचे पोहणे पंचगंगेचे, कळंब्याचे, मळ्यातल्या विहिरींचे आणि जलतरण तलावांचे, म्हणजे सगळे गोड्या पाण्याचे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेले आणि 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवणारे वीरधवल खाडे याच शहराचे. परंतु मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरच्या सुमारास होणारी सागरी जलतरण स्पर्धा आणि 2019 साली गोव्यात मिरामार किनाऱ्यावर सुरू झालेली आयर्नमॅन 70.3 ही शर्यत, जिच्यात 1.9 किलोमीटर समुद्रात पोहावे लागते, यांच्यामुळे घाट उतरून समुद्राकडे जाणारे कोल्हापूरकर आता ठिकठिकाणी भेटतात, आणि त्यांच्या मनगटावर बहुधा तलावासाठी घेतलेले घड्याळच असते.

हे परीक्षण एका घड्याळाचे नाही. आमच्या पोहण्याच्या गटातील मंडळींनी गेल्या काही हिवाळ्यांत मालवण, तारकर्ली आणि मिरामार येथे जी घड्याळे वापरली, त्यांचे आहे. त्यांत अ‍ॅपल वॉच एसईची दुसरी पिढी, गार्मिनचे फोररनर 255, अमेझफिटचे 5 एटीएम, म्हणजे ‘50 मीटर’ पाणीरोधाच्या दर्जाचे एक घड्याळ आणि पाच हजारांच्या आतले, खोक्यावर आयपी68 हा पाणीरोधाचा दर्जा ठळक लिहिलेले एक घड्याळ होते. या शेवटच्या घड्याळाच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण त्याचे जे झाले ते त्या किमतीच्या आणि त्या दर्जाच्या बहुतेक घड्याळांचे होऊ शकते. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: 5 एटीएम दर्जाचे चांगल्या बांधणीचे घड्याळ खाऱ्या पाण्यात पोहताना सहसा बिघडत नाही, ते बिघडते पोहून बाहेर आल्यावर. त्यामुळे घड्याळ निवडताना किती मीटर लिहिले आहे यापेक्षा ते चार्ज कसे होते, त्याला बटणे आणि भोके किती आहेत आणि ते धुता किती सहज येते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रथम खोक्यावरच्या आकड्यांविषयी, कारण दुकानात सगळा घोळ तेथेच होतो. आयपी67 आणि आयपी68 हे दर्जे आयईसी 60529 या मानकातले असून ते विजेच्या उपकरणांना सर्वसाधारणपणे लागू होतात. आयपी67 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. आयपी68 म्हणजे त्याहून अधिक कठीण चाचणी, पण ती किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने स्वतः ठरवायचे असते. म्हणजे दोन कंपन्यांचे आयपी68 एकसारखे असतीलच असे नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही चाचणी साध्या, गोड्या, स्थिर पाण्यात होते. तिच्यात मीठ नसते, हात मारणे नसते आणि बटण दाबणेही नसते. याउलट 5 एटीएम हा दर्जा हातघड्याळांसाठीच्या आयएसओ 22810 या 2010 च्या मानकाशी जोडलेला असतो आणि त्यात पाच वातावरणांइतका, म्हणजे पन्नास मीटर पाण्याच्या स्तंभाइतका, स्थिर दाब गृहीत धरलेला असतो. ‘50 मीटर’ याचा अर्थ घड्याळ घालून पन्नास मीटर खोल बुडी मारावी असा नव्हे. अ‍ॅपल आपल्या 50 मीटर दर्जाच्या घड्याळांबाबत तलावात किंवा समुद्रात पोहण्यासारख्या उथळ पाण्यातल्या वापराला परवानगी देते आणि स्कूबा डायव्हिंग, वॉटर स्कीइंग यांना स्पष्ट नकार देते.

खाऱ्या पाण्याचा नावानिशी विचार करणारे मानक वेगळेच आहे. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांच्या घड्याळांसाठी असलेल्या आयएसओ 6425 मध्ये घड्याळ दर लिटरला 30 ग्रॅम मीठ असलेल्या द्रावणात चोवीस तास ठेवून तपासावे लागते, लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाब द्यावा लागतो आणि प्रत्येक घड्याळाची चाचणी करावी लागते. 22810 मध्ये मात्र काही नमुने तपासले तरी चालते. आपण बाजारात पाहतो त्यांपैकी जवळजवळ कोणतेही फिटनेस घड्याळ 6425 चे नसते. म्हणून दुकानदार ‘समुद्रात टेस्ट केलेले आहे’ असे म्हणाला, तर कोणत्या मानकाने, हे त्याला शांतपणे विचारावे. राजारामपुरीतल्या एका दुकानात हा प्रश्न विचारल्यावर मला मिळालेले उत्तर होते, ‘साहेब, बिनधास्त पोहा की, काय होत न्हाई!’ कोल्हापुरी दिलदारपणा म्हणून ते उत्तर उत्तम आहे, वॉरंटी म्हणून नाही.

दाबाविषयी एक समज इतका रूढ आहे, की तो थोड्या गणिताने तपासलेला बरा. पोहताना हात पाण्यावर आपटतो, त्यामुळे घड्याळावर प्रचंड दाब येतो आणि 5 एटीएम कमी पडते, असे अनेक जण सांगतात. फ्रीस्टाइल मारताना मनगटाचा वेग सेकंदाला चार मीटर धरला, तरी त्या वेगामुळे येणारा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या आठ टक्क्यांच्या आसपास भरतो, म्हणजे एक मीटर खोलीइतकाही नाही. पाच मीटर उंचीच्या धक्क्यावरून उडी मारली, तर पाण्याला स्पर्श होताना वेग सेकंदाला सुमारे दहा मीटर असतो आणि त्याचा दाब अर्ध्या वातावरणाइतका, म्हणजे पाच मीटर खोलीइतका होतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड असते, त्यामुळे त्या कारणानेही विशेष फरक पडत नाही. या हिशेबाने साध्या पोहण्याला 5 एटीएम भरपूर झाले. जलक्रीडांच्या ठिकाणी जेट स्कीवरून वेगात फेकले जाणे हा प्रकार मात्र निराळा आहे. तेथे घड्याळाचा सपाट भाग पाण्यावर आपटला, तर क्षणभराचा धक्का या साध्या हिशेबाच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. तारकर्लीला असे खेळ खेळायचे असतील, तर घड्याळ काढून पिशवीत ठेवावे.

उष्णतेकडे मात्र आपण पुरेसे लक्ष देत नाही. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले घड्याळ साठ अंशांपर्यंत तापले आणि तसेच ते अठ्ठावीस अंशांच्या समुद्रात नेले, तर आत कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. हा फरक एक मीटर पाण्याइतकाच असला, तरी त्याची दिशा वाईट असते, कारण आत पाणी ओढून घेणारा तो दाब असतो, आणि रबरी सील जुने झाले असेल तर पाण्याचा पहिला थेंब अशाच वेळी आत शिरण्याची शक्यता असते. घड्याळ मनगटावरच ठेवावे किंवा सावलीत ठेवावे, एवढे केले तरी हा प्रश्न उरत नाही.

आता मिठाविषयी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पोहताना हे पाणी बटणाच्या फटीत, मायक्रोफोनच्या भोकात, दाबमापकाच्या छिद्रात आणि पट्टा जेथे अडकतो त्या खाचेत जाऊन बसते. बाहेर आल्यावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हे केवळ कोरडे मीठ असते तर फारसे बिघडले नसते. पण समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच त्या फटीतल्या मिठाला सुटते. त्यामुळे वरून कोरडे दिसणारे घड्याळ आतल्या फटींत दिवसेंदिवस ओले आणि खारट राहते. क्लोराइड आयन स्टीलवरचा संरक्षक थर बारीक बारीक ठिकाणी फोडतात. 316एल प्रकारचे स्टील त्याला बरेच तोंड देते, साधे 304 कमी देते, टायटॅनियमला जवळजवळ काहीच होत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमवरचा अ‍ॅनोडाइज केलेला थर शाबूत असेपर्यंत तेही टिकते. मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला ओरखडा पडला आणि शेजारी पट्ट्याची स्टीलची पिन असली, तर खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते.

या सगळ्यात सर्वांत नाजूक जागा चार्जिंगची. घड्याळाच्या पाठीवर धातूच्या उघड्या पिना किंवा ठिपके असतील आणि त्यांच्यावर खारा ओलावा असताना चार्जर लावला, तर वीज बॅटरीत जाण्याबरोबरच त्या खाऱ्या थेंबातूनही वाहते आणि पिनेवरचा मुलामा खाऊन टाकते. थोड्याच काळात पिना हिरवट-काळ्या पडतात, चार्जिंग थांबून-थांबून होऊ लागते आणि शेवटी बंद पडते. लोक मग ‘आत पाणी गेले’ असे म्हणतात. प्रत्यक्षात आत काहीच गेलेले नसते. ही केवळ आमच्या गटाची समजूत नाही. ऑस्ट्रेलियात ग्राहक-स्पर्धा आयोगाने सॅमसंगच्या तेथील कंपनीवर खटला भरला होता, कारण 2016 ते 2018 या काळात काही गॅलेक्सी फोन तलावात आणि समुद्राच्या पाण्यात वापरता येतात असे जाहिरातींत सुचवले गेले होते. ओल्या अवस्थेत चार्जिंग केल्यास पोर्ट गंजू शकतो, हे कंपनीने तेथे मान्य केले, आणि 2022 मध्ये न्यायालयाने तिला 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. हे प्रकरण फोनचे आहे, घड्याळाचे नाही. पण फोन आयपी68 दर्जाचे होते आणि दोष पाण्यात बुडण्याचा नसून नंतरच्या चार्जिंगचा होता, या दोन्ही गोष्टी आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतात.

आमच्या गटातल्या स्वस्त घड्याळाचा शेवट असाच झाला. तारकर्लीहून परतताना ते गाडीतच पॉवर बँकेला लावले गेले, धुतले गेले नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याच्या पाठीवरचे ठिपके काळे पडून चार्जिंग बंद झाले. दुरुस्तीला पाठवल्यावर द्रवामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर आले. खोक्यावरच्या आयपी68 च्या खाली बारीक अक्षरांत समुद्राचे पाणी वर्ज्य असल्याचे लिहिलेले होतेच. कंपनीला येथे फारसा दोष देता येत नाही. दोष त्या दर्जाचे घड्याळ पोहण्यासाठी म्हणून पुढे करणाऱ्या विक्रीच्या पद्धतीला आहे.

अ‍ॅपल वॉच एसई या बाबतीत निश्चिंत करणारे आहे, कारण त्याला पिना नाहीत. ते पाठीकडून चुंबकीय चकतीवर, तारेच्या स्पर्शाविना चार्ज होते. पोहण्याचा व्यायाम सुरू केला की पडद्याला आपोआप कुलूप लागते, आणि बाहेर आल्यावर क्राउन, म्हणजे बाजूचे फिरते बटण, दाबून धरला की ते उघडताना स्पीकर आवाज काढून आपल्या भोकातले पाणी बाहेर ढकलतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला गंमत वाटते, पण त्याने फक्त स्पीकरचे पाणी निघते, मीठ निघत नाही, हे लक्षात ठेवावे. या घड्याळाची खरी काळजीची जागा फिरणारा क्राउन आहे. त्याच्या कडेने मीठ आणि वाळू बसली की तो जड फिरू लागतो. अशा वेळी घड्याळ बंद करून तो भाग कोमट गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली दहा-पंधरा सेकंद धरावा आणि क्राउन फिरवत राहावा, असा कंपनीचाच सल्ला आहे, आणि तो उपयोगी पडतो. साबण लावू नये. साबण, सनस्क्रीन, अत्तर, डासांचे मलम हे सगळे सीलला आणि स्पीकरवरच्या पातळ पडद्याला अपायकारक असतात. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि एरवी ज्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी जात नाही, तेथून ते जाऊ शकते. समुद्रात जाण्यापूर्वी अंगाला सनस्क्रीन लावणे टाळता येत नाही, म्हणून निदान मनगटाला ते लावण्याआधी घड्याळ बाजूला काढावे.

फोररनर 255 मला समुद्रासाठी या सर्वांत अधिक समजूतदारपणे बनवलेले वाटले. त्याला स्पर्शाने चालणारा पडदा नाही. पाच बटणे आहेत. समुद्राचे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे स्पर्शपडद्यावर ते बोटासारखे काम करते, आणि कुलूप नसेल तर व्यायाम मध्येच थांबणे, फोन लागणे असले प्रकार होतात. येथे तो प्रश्नच येत नाही. उन्हात त्याचा पडदा विझलेला न वाटता उलट अधिक स्वच्छ दिसतो, हे पोहताना मान वर काढून वेळ पाहणाऱ्याला फार सोयीचे आहे. चौकट धातूची नसून फायबर मिसळलेल्या पॉलिमरची आहे, म्हणजे गंजण्याची जागा आणखी कमी. मात्र पाच बटणे म्हणजे मीठ बसायला पाच फटी, आणि पाण्याखाली बटणे दाबणे टाळावे, असा इशारा अशा घड्याळांच्या माहितीपुस्तिकेत असतो. त्यामुळे लॅप मोजण्यासाठी सारखे बटण दाबायची सवय तलावातच सोडून यावी. चार्जिंग पाठीवरच्या उघड्या संपर्कांनी होत असल्यामुळे ते भाग कोरडे झाल्याशिवाय केबल लावू नये. गार्मिन घेताना आणखी एक गोष्ट तपासावी: त्याच मालिकेतले स्वस्त फोररनर 55 तलावातले पोहणे मोजते, खुल्या पाण्यातले मोजत नाही. पाणीरोधाचा दर्जा दोघांचाही 5 एटीएमच. पण समुद्रासाठी लागणारी सोय एकात आहे आणि दुसऱ्यात नाही.

अमेझफिटच्या घड्याळाविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याने पाण्यात काही तक्रार केली नाही, बॅटरी बाकी दोघांपेक्षा निश्चिंत राहिली, आणि किमतीच्या मानाने ते चांगलेच आहे. ज्याला फक्त पोहण्याचा वेळ आणि ढोबळ अंतर हवे आहे, त्याने त्याहून अधिक खर्च करण्याचे कारण नाही.

टिकण्याचा प्रश्न सुटला तरी समुद्रात घड्याळ काय मोजते, हा प्रश्न उरतो, आणि तेथे सर्वच घड्याळांचे पाय लटपटतात. जीपीएसचा संदेश सुमारे 1575 मेगाहर्ट्झच्या लहरींवर येतो आणि खाऱ्या पाण्याच्या अगदी पातळ थरातही तो नष्ट होतो. त्यामुळे मनगट पाण्याखाली असेपर्यंत घड्याळाला आपण कोठे आहोत हे कळत नाही. हात पाण्याबाहेर येऊन पुढे जातो त्या क्षणात ते उपग्रह शोधते आणि मधली जागा अंदाजाने भरते. फ्रीस्टाइलमध्ये हे बऱ्यापैकी जमते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्याबाहेर जवळजवळ येतच नाही, म्हणून नकाशावर आपण समुद्रात वेडेवाकडे भटकल्यासारखे दिसतो आणि अंतर भलतेच निघते. शर्यतीच्या सरावासाठी ज्याला अंतर नेमके हवे आहे, त्याने घड्याळ टोपीखाली डोक्यावर ठेवावे किंवा कमरेला बांधायच्या तरंगत्या फुग्यावर अडकवावे. त्यात हात किती मारले याची मोजणी हातची जाते, पण अंतर खरे मिळते. समुद्रात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर थांबून उपग्रह सापडल्याची खात्री करून घ्यावी; पाण्यात उतरल्यावर ते शोधणे घड्याळाला फार जड जाते.

हृदयाच्या ठोक्यांचे आकडे त्याहून कमी भरवशाचे असतात. मनगटावरचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्तप्रवाहावरून ठोके मोजतो. हात मारताना घड्याळ आणि कातडी यांच्यामध्ये पाणी शिरले की त्याची मोजणी विस्कटते. पट्टा एक घर घट्ट केल्याने थोडा फरक पडतो. छातीचा पट्टा वापरला, तरी ब्लूटूथचा संदेश पाण्यातून जात नाही. म्हणून पोहण्यासाठी असा पट्टा घ्यावा, जो ठोके स्वतःच्या स्मृतीत साठवतो आणि नंतर घड्याळाला देतो. ज्यांना डॉक्टरांनी ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितले आहे, त्यांनी समुद्रातल्या मनगटी आकड्यांवर विसंबू नये, हे येथे ठामपणे सांगावेसे वाटते.

पट्ट्याकडे कोणी लक्ष देत नाही, पण समुद्रात घड्याळ बिघडण्यापेक्षा हरवण्याचा धोका अधिक असतो. लाटेत पट्टा कशाला तरी अडकून ओढला जातो आणि त्याची बारीक स्प्रिंग असलेली पिन निसटते. सिलिकॉनचा, दोन फाशांत अडकणारा पट्टा सर्वांत बरा. कापडी, चिकटपट्टीचा पट्टा आरामदायक असला तरी तो खारे पाणी धरून ठेवतो आणि दिवसभर घातल्यास मनगटावर लाल चट्टे उठतात. चामड्याचा पट्टा घालून समुद्रात जाणाऱ्याला काही सांगण्यात अर्थ नाही. वाळूचेही तसेच: तिच्यातले क्वार्ट्झचे कण साध्या कडक काचेपेक्षा कठीण असतात आणि ओल्या हाताने काच पुसली की ओरखडे उमटतात. सफायर काच असेल तर ती भीती नाही, पण ती काच महागड्या घड्याळांतच मिळते. इतरांनी आधी पाणी ओतून वाळू वाहून जाऊ द्यावी आणि मगच पुसावे.

धुण्याची वेळ ही सगळ्यात महत्त्वाची. हॉटेलवर किंवा घरी पोहोचल्यावर धुऊ, असे ठरवले की तोवर मीठ वाळून फटीत घट्ट बसते. म्हणून पिण्याच्या पाण्याची एक जादा बाटली सोबत न्यावी आणि पाण्याबाहेर येताच, घड्याळ ओले असतानाच, ते नीट धुवावे. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी स्वतःच मचूळ असते, तेव्हा निवासाच्या नळावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मुक्कामी आल्यावर पट्टा काढून घड्याळ गोड्या पाण्याच्या वाटीत थोडा वेळ बुडवून ठेवावे, बटणे पाण्याबाहेर काढल्यावर काही वेळा दाबून-सोडून मोकळी करावीत, मऊ कापडाने टिपावे आणि सावलीत वाळू द्यावे. हेअर ड्रायर लावू नये, तांदळाच्या डब्यात ठेवू नये. तांदळाने ओलावा निघत नाही, उलट त्याचा भुसा आणि कणी भोकांत जाऊन बसते. रात्रभर कोरडे झाल्यावर चार्जिंग करावे. गाडीत बसल्या बसल्या चार्जर लावण्याची घाई, विशेषतः पिनांच्या घड्याळाला, परवडणारी नाही.

वॉरंटीची अट खरेदीपूर्वी वाचणे गरजेचे आहे, कारण मोठ्या कंपन्याही पाणीरोध कायमचा नसतो आणि काळाच्या ओघात कमी होतो, असे लिहून ठेवतात; अ‍ॅपल तर स्पष्ट सांगते, की घड्याळाचा पाणीरोध पुन्हा तपासता किंवा पुन्हा सील करता येत नाही. जुन्या हातघड्याळाचे मागचे झाकण उघडून रबरी कडी बदलून देणारे कारागीर कोल्हापुरात मिळतात, पण चिकटवून बंद केलेल्या या घड्याळांना त्यांचा इलाज नाही. बिघाड झालाच तर घड्याळ बहुधा कुरिअरने बाहेरगावी जाते. म्हणून ज्या जाहिरातीत समुद्रातला वापर दाखवला आहे ती, खोक्यावरचा मजकूर आणि पक्के बिल यांची छायाचित्रे जपून ठेवावीत. जाहिरात एक सांगत असेल आणि वॉरंटी दुसरे, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तेथे शुल्कही नाही.

मग घ्यावे कोणते? वर्षातून एखाद-दोनदा मालवणला जाऊन एरवी तलावात पोहणाऱ्याला 5 एटीएम दर्जाचे, तारेच्या स्पर्शाविना चार्ज होणारे कोणतेही घड्याळ पुरेसे आहे. चिवल्याची स्पर्धा किंवा गोव्याची शर्यत डोळ्यांसमोर ठेवून नियमित सराव करणाऱ्याने बटणांचे, खुल्या पाण्यातले पोहणे मोजणारे घड्याळ घ्यावे आणि पिनांची निगा राखण्याची तयारी ठेवावी. 10 एटीएमची घड्याळे, किंवा चाळीस मीटरपर्यंतच्या डायव्हिंगसाठी ईएन 13319 मानकाप्रमाणे बनवलेले टायटॅनियमचे अ‍ॅपल वॉच अल्ट्रा, ही उत्तम आहेत यात वाद नाही, पण पृष्ठभागावर पोहणाऱ्याला त्यांच्या जादा दाबक्षमतेचा काही उपयोग नाही. टायटॅनियम आणि सफायर यांसाठी पैसे मोजायचे असतील तरच त्यांचा विचार करावा. केवळ आयपी67 किंवा आयपी68 लिहिलेले घड्याळ समुद्रात नेऊ नये. आणि घड्याळ दोन-तीन वर्षांचे झाले असेल, एखाद्या वेळी फरशीवर पडले असेल, किंवा पोहून आल्यावर काचेच्या आत वाफ धरलेली दिसली असेल, तर ते तत्काळ बंद करावे, चार्जरला लावू नये, आणि वाळून पुन्हा सुरू झाले तरी पुढे त्याचा उपयोग रंकाळ्याभोवती फेऱ्या मारण्यापुरताच करावा.